मेसोथेलिओमाचे उपचार : निवड कशी करावी

मेसोथेलिओमा म्हणजे फुप्फुसाचा कर्करोग, असा गैरसमज सर्रास आढळतो आणि उपचारांविषयीचे बरेचसे गोंधळ तेथूनच सुरू होतात. फुप्फुसे, हृदय आणि पोटातील अवयव यांना बाहेरून लपेटणारे जे पातळ, ओलसर आवरण असते, त्याच्या पेशींच्या थराला मेसोथेलियम म्हणतात आणि या थरात उद्भवणाऱ्या कर्करोगाला मेसोथेलिओमा. दहापैकी सुमारे आठ रुग्णांत तो फुप्फुसावरणात, म्हणजे फुप्फुस आणि छातीची भिंत यांच्यामधील दुपदरी आवरणात होतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांत तो पोटाच्या आतील आवरणात, म्हणजे उदरावरणात असतो, आणि हृदयाच्या किंवा अंडकोशाच्या आवरणात तो फारच क्वचित आढळतो. फुप्फुसातील गाठ सहसा एका जागी वाढू लागते. हा कर्करोग मात्र आवरणाच्या पृष्ठभागावरून पसरत जातो आणि फुप्फुसाला फळाच्या जाड सालीसारखा वेढून टाकतो. त्यामुळे गाठ कापून काढली की रोग गेला, हा सर्वसामान्य हिशेब या आजाराला लागू पडत नाही, आणि उपचारांचा विचार करताना कुटुंबाने ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यायला हवी.

या रोगाचे मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज आहे. दक्षिण आफ्रिकेतील वायव्य केप भागात निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरातील ३३ रुग्णांचा अभ्यास वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून हा संबंध वैद्यकशास्त्राने मान्य केला आहे. श्वासावाटे आत गेलेले सूक्ष्म तंतू शरीराबाहेर पडत नाहीत, आवरणापर्यंत पोचून तेथे वर्षानुवर्षे दाह निर्माण करत राहतात, आणि रोग प्रकट होईपर्यंत साधारण २० ते ५० वर्षे उलटलेली असतात. म्हणूनच रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा असतो, निवृत्त झालेला असतो, आणि तरुणपणी गोदीत, जहाजतोडणीच्या आवारात, बॉयलरवर, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, ब्रेक लायनिंगच्या किंवा सिमेंट पत्र्यांच्या कारखान्यात केलेले काम त्याला स्वतःलाही या आजाराशी जोडता येत नाही. कामावरून धुळीने माखून आलेले कपडे घरी धुणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग झाल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. मुंबई, ठाणे, पुणे आणि नाशिकच्या औद्योगिक पट्ट्यांत आयुष्य घालवलेल्या कुटुंबांनी डॉक्टरांना केवळ शेवटची नोकरी न सांगता पहिल्या नोकरीपासूनचा सगळा तपशील सांगावा, कारण निदानाची दिशा पुष्कळदा त्यावरच ठरते.

आपल्याकडे निदानाच्या वाटेवर एक विशेष अडथळा आहे. रुग्णाला दम लागू लागतो, एका बाजूची छाती जड वाटते, एक्स-रेमध्ये छातीत पाणी झाल्याचे दिसते आणि ते पाणी सुईने काढून तपासले जाते. भारतात अशा पाण्याचे सर्वांत परिचित कारण क्षयरोग असल्याने आणि दोन्ही रोगांच्या पाण्यात लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचेच आधिक्य असू शकत असल्याने, पाण्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या नाहीत की क्षयाची औषधे सुरू होतात. क्षयाच्या निदानासाठी पाण्यात एडीए नावाच्या विकराचे प्रमाण पाहिले जाते, पण ते मेसोथेलिओमातही काही वेळा वाढलेले असते; शिवाय मेसोथेलिओमाच्या पेशी पाण्यात अनेकदा ओळखू येत नाहीत. त्यामुळे पाण्याचा अहवाल कर्करोग नसल्याचा आला, तरी तो शेवटचा शब्द मानता येत नाही. काढलेले पाणी पुन्हा भरत असेल, क्षयाची औषधे नियमित घेऊनही वजन घटत असेल, छातीत सतत दुखत असेल, किंवा सीटी स्कॅनमध्ये आवरण जाड आणि खडबडीत दिसत असेल, तर औषधांचा सहा महिन्यांचा क्रम संपण्याची वाट न पाहता बायॉप्सीचा, म्हणजे आवरणाचा तुकडा काढून तपासण्याचा आग्रह धरावा. बायॉप्सी शक्यतो थोरॅकोस्कोपीने करावी. या पद्धतीत छातीला लहानसे छिद्र पाडून कॅमेऱ्याची दुर्बीण आत घालतात आणि डोळ्यांना दिसणाऱ्या संशयास्पद जागेचा पुरेसा तुकडा घेतात. तिने ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत निश्चित निदान होते, आणि त्याच वेळी सगळे पाणी काढून टाकून पुढचा उपायही करता येतो.

बायॉप्सीचा अहवाल हातात आल्यावर केवळ रोगाच्या नावावर थांबू नये. या रोगाचे पेशींच्या ठेवणीवरून तीन प्रकार केले जातात. एपिथेलिऑइड प्रकारात पेशी आवरणाच्या मूळ पेशींसारख्या, काहीशा चौकोनी दिसतात, आणि तो सर्वांत जास्त आढळतो. सार्कोमॅटॉइड प्रकारात पेशी लांबट, चातीसारख्या असतात आणि रोग वेगाने वाढतो. दोन्हींचे मिश्रण असेल तर त्याला बायफेजिक म्हणतात. पुढे कोणते औषध निवडायचे याचा सर्वांत मोठा आधार हा प्रकार असल्याने अहवालात तो लिहिलेला नसेल, तर लिहून मागावा. फुप्फुसाचा कर्करोग आवरणात पसरला तरी सूक्ष्मदर्शकाखाली चित्र सारखेच दिसू शकते, म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे विशिष्ट प्रथिने रंगवून पेशींचे मूळ ओळखण्याची तपासणी, अनिवार्य ठरते. तीत कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१ यांसारख्या मेसोथेलियमच्या किमान दोन खुणा सापडणे आणि टीटीएफ-१, सीईए यांसारख्या इतर कर्करोगांच्या किमान दोन खुणा न सापडणे अपेक्षित असते. पेशींमधील बॅप-१ हे प्रथिन नाहीसे झालेले असणे ही निदानाला बळकटी देणारी आणखी एक खूण आहे. हा रोग विरळा असल्याने अनेक पॅथॉलॉजिस्टांच्या नजरेखालून तो वर्षातून एखाददुसऱ्या वेळीच जातो. म्हणून मूळ रुग्णालयातून काचपट्ट्या आणि मेणाचे ब्लॉक मागून घेऊन मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कर्करोग केंद्रात पुन्हा तपासून घेणे हिताचे असते. ब्लॉक ही रुग्णाच्या शरीरातीलच वस्तू आहे आणि ती मागण्यात डॉक्टरांवरचा अविश्वास नाही, हे संकोच बाळगणाऱ्या नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे.

यानंतर रोग किती पसरला आहे हे सीटी आणि पेट स्कॅनने ठरवतात, मूत्रपिंड, यकृत आणि हृदय यांची तपासणी करतात, आणि रुग्ण दिवसभरात स्वतःची किती कामे करू शकतो, किती वेळ अंथरुणावर असतो याची ठरावीक मापावर नोंद घेतात. हे शेवटचे माप दिसायला साधे असले, तरी उपचार सोसतील की नाही हे त्यावरून बऱ्याच अंशी कळते; त्यामुळे ओपीडीत रुग्णाला उसने अवसान आणून बसवण्याऐवजी घरी तो प्रत्यक्षात कसा असतो ते कुटुंबाने खरेखरे सांगावे. उपचारांचा निर्णय एका डॉक्टरने न घेता औषधोपचाराचे, शस्त्रक्रियेचे, किरणोपचाराचे आणि श्वसनविकारांचे तज्ज्ञ एकत्र बसून घेतात, त्या बैठकीला ट्यूमर बोर्ड म्हणतात. आपल्या रुग्णाची फाईल अशा बैठकीत चर्चिली जाईल का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

फुप्फुसावरणाचा हा रोग आज उपलब्ध असलेल्या उपचारांनी समूळ बरा होणे अत्यंत दुर्मीळ आहे. उपचारांचा हेतू रोगाची वाढ रोखणे, आयुष्य वाढवणे आणि त्या आयुष्यातील श्वास, झोप, जेवण सुसह्य करणे हा असतो. हे रुग्णाला सांगावे की नाही, यावर घराघरांत वाद होतात आणि पुष्कळदा रुग्णापासून सारेच लपवले जाते; पण ज्याच्या शरीरावर सलाईन, नळ्या आणि औषधांचे परिणाम होणार आहेत, त्याला निवडीत सहभागी न करता केलेली निवड अपुरीच राहते. त्याला किती जाणून घ्यायचे आहे, एवढे तरी त्याला विचारावे.

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत सर्वांत आधी सोडवायचा प्रश्न दम लागण्याचा असतो आणि त्याचे मूळ बहुधा पुन्हा पुन्हा भरणारे पाणी असते. दर वेळी सुईने पाणी काढणे हा तात्पुरता उपाय आहे. त्यात फेऱ्या वाढतात आणि जंतुसंसर्गाचा धोकाही वाढत जातो. पाणी काढल्यावर फुप्फुस पुरते फुगत असेल, तर प्लुरोडेसिस करतात, म्हणजे निर्जंतुक टाल्कची पूड आवरणाच्या दोन पदरांमध्ये सोडून ते एकमेकांना चिकटवतात, जेणेकरून पाणी साठायला जागाच उरत नाही. रोगाच्या जाड थराने फुप्फुस जखडलेले असेल आणि ते फुगतच नसेल, तर पदर एकमेकांना टेकत नाहीत आणि टाल्कचा उपयोग होत नाही. अशा वेळी त्वचेखालून एक मऊ, कायमची नळी छातीत बसवतात आणि घरच्या माणसाला शिकवून दर दोन-तीन दिवसांनी घरीच बाटलीत पाणी काढता येते. हात साबणाने स्वच्छ धुणे, नळीचे तोंड निर्जंतुक द्रवाने पुसणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेपेक्षा जास्त पाणी एका वेळी न काढणे, आणि पाणी गढूळ दिसले, ताप आला किंवा नळीभोवती लाली आली तर लगेच रुग्णालय गाठणे, एवढी पथ्ये पाळली तर ही व्यवस्था खेड्यातल्या घरातही नीट चालू शकते. पाणी आटोक्यात ठेवण्यासाठी दुर्बिणीतून आवरणाचा काही भाग काढण्याची शस्त्रक्रियाही सुचवली जाते. मात्र ब्रिटनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत तिच्यामुळे टाल्कपेक्षा आयुष्य वाढल्याचे दिसले नाही.

संपूर्ण शरीरावर काम करणाऱ्या औषधांत सर्वांत जुना पक्का आधार पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या दोन केमोथेरपी औषधांच्या जोडीला आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसते सिस्प्लॅटिन घेणाऱ्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान ९.३ महिने होते आणि ही जोडी घेणाऱ्यांचे १२.१ महिने. मध्यक आयुर्मान म्हणजे ज्या काळापर्यंत निम्मे रुग्ण हयात असतात तो काळ. उरलेले निम्मे त्याहून अधिक जगतात, काही तर बरेच अधिक, म्हणून या आकड्याला कुणा एका रुग्णाच्या आयुष्याची मुदत समजणे चूक आहे. औषधे दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून देतात आणि साधारणपणे चार ते सहा फेऱ्या होतात. सिस्प्लॅटिनमुळे उलट्या, मूत्रपिंडावर ताण, कानात आवाज येणे किंवा ऐकू कमी येणे, हातापायांना मुंग्या येणे असे त्रास होऊ शकतात. वय जास्त असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर त्याऐवजी कार्बोप्लॅटिन देतात. पेमेट्रेक्सेड भारतात अनेक कंपन्या बनवत असल्यामुळे ही जोडी बहुतेक कर्करोग केंद्रांत मिळू शकते.

पेमेट्रेक्सेडच्या बाबतीत काही जीवनसत्त्वांचा क्रम काटेकोरपणे पाळावा लागतो. त्या मूळ चाचणीत सुरुवातीच्या रुग्णांना औषधाचे गंभीर दुष्परिणाम झाले, तेव्हा फोलिक अ‍ॅसिड आणि ब-१२ देणे मध्येच सुरू करण्यात आले आणि त्यानंतर विषारी परिणाम लक्षणीयरीत्या घटले. फोलिक अ‍ॅसिड पहिल्या सलाईनच्या आधीच्या आठवड्यापासून रोज घ्यायचे असते आणि शेवटच्या सलाईननंतरही तीन आठवडे चालू ठेवायचे असते; ब-१२चे १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन पहिल्या सलाईनच्या आधीच्या आठवड्यात आणि नंतर दर नऊ आठवड्यांनी घ्यायचे असते; अंगावर पुरळ उठू नये म्हणून डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी सलाईनच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी देतात. शिफारस केलेली फोलिक अ‍ॅसिडची मात्रा ३५० ते १००० मायक्रोग्रॅम आहे आणि आपल्याकडे औषधाच्या दुकानात सहज मिळणारी गोळी मात्र ५ मिलिग्रॅमची असते. त्यामुळे दुकानदार देईल ती गोळी न घेता मात्रा चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावी. रक्तातील साखर जास्त असणाऱ्यांनी डेक्सामेथासोनच्या दिवसांत ती अधिक वेळा तपासावी, आणि अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत, कारण मूत्रपिंडाचे काम मंदावलेले असेल तर त्यांच्यामुळे पेमेट्रेक्सेड शरीरात साठून राहते. मूत्रपिंड आणि यकृत यांवर परिणाम करणारे कोणतेही काढे किंवा भस्मे याच कारणासाठी या काळात बंद ठेवावीत. याच जोडीला बेव्हासिझुमॅब हे गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे औषध जोडल्यास मध्यक आयुर्मान १६.१ वरून १८.८ महिन्यांवर गेल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील चाचणीत दिसले. मात्र रक्तदाब अनियंत्रित असलेल्या किंवा रक्तस्रावाचा धोका असलेल्या रुग्णाला ते देता येत नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र खऱ्या अर्थाने बदलले ते इम्युनोथेरपीमुळे. कर्करोगाच्या पेशी शरीराच्या प्रतिकारशक्तीला थोपवून धरणाऱ्या काही यंत्रणांचा वापर करून लपून राहतात. इम्युनोथेरपीची औषधे तो अटकाव काढून टाकतात आणि शरीराच्या स्वतःच्या पेशींना रोगावर चालून जाऊ देतात. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब या दोन औषधांच्या जोडीची केमोथेरपीशी तुलना ६०५ रुग्णांवर करण्यात आली. मध्यक आयुर्मान केमोथेरपीत १४.१ महिने आणि इम्युनोथेरपीत १८.१ महिने आले, आणि तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे १५ आणि २३ टक्के होते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये या जोडीला मान्यता दिली. पेशींचा प्रकार अहवालात लिहून मागावा, असे वर म्हटले आहे त्याचे कारण याच चाचणीत सापडते : एपिथेलिऑइड नसलेल्या प्रकारांत केमोथेरपीने मध्यक आयुर्मान जेमतेम ८.८ महिने होते, तर इम्युनोथेरपीने ते १८.१ महिने झाले, म्हणजे दुपटीहून अधिक. एपिथेलिऑइड प्रकारात हा फरक बराच कमी होता. यावरून असे म्हणता येते की, सार्कोमॅटॉइड किंवा बायफेजिक प्रकार असेल आणि रुग्णाची प्रकृती साथ देत असेल, तर इम्युनोथेरपीसाठी शक्य ती सारी धडपड करण्यात अर्थ आहे. एपिथेलिऑइड प्रकारात मात्र केमोथेरपी हाही सन्माननीय पर्याय आहे आणि खर्च झेपत नाही म्हणून तो निवडणाऱ्या कुटुंबाने अपराधी वाटून घेऊ नये. केमोथेरपीला पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध जोडण्याचा तिसरा मार्गही आहे. ४४० रुग्णांच्या चाचणीत त्याने मध्यक आयुर्मान १६.१ वरून १७.३ महिन्यांवर नेले, म्हणजे सरासरी लाभ माफक होता, आणि २०२४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

इम्युनोथेरपीत केस जात नाहीत, उलट्या सहसा होत नाहीत, म्हणून ती सौम्य समजली जाते, पण हा समज धोक्याचा आहे. मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती आतडी, यकृत, फुप्फुसे, थायरॉइड, पिट्युटरी अशा निरोगी अवयवांवरही हल्ला करू शकते, आणि हे परिणाम औषध थांबवल्यावर काही महिन्यांनीही दिसू शकतात. रुग्णाला दिवसातून चार-पाच वेळा जुलाब होऊ लागले तर घराजवळचा डॉक्टर साहजिकच ते संसर्गाचे समजून प्रतिजैविके देतो आणि त्यात मोलाचे दिवस जातात. प्रत्यक्षात अशा जुलाबांवर बहुधा स्टेरॉइड तातडीने सुरू करावे लागते. म्हणून आपण इम्युनोथेरपीवर आहोत, कोणती औषधे चालू आहेत आणि कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे एका कागदावर लिहून रुग्णाने तो सतत जवळ ठेवावा आणि कोणत्याही डॉक्टरकडे गेल्यावर आधी तो दाखवावा. नव्याने वाढलेला कोरडा खोकला, कमालीचा थकवा, डोळे पिवळे होणे ही लक्षणेही त्याच दिवशी कळवावीत. पूर्वी क्षयरोग झालेला असल्यास किंवा संधिवातासारखा प्रतिकारशक्तीचाच आजार असल्यास उपचार सुरू होण्यापूर्वी तसे सांगावे. खर्च कमी करण्यासाठी निव्होलुमॅबची अल्प मात्रा वापरण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके आणि मान यांच्या कर्करोगात यशस्वी करून दाखवला आहे. मात्र त्या निष्कर्षावरून मेसोथेलिओमातही तेवढीच मात्रा पुरेल, असे गृहीत धरता येत नाही, आणि कोणी ती सुचवली तर तिला कोणता आधार आहे हे विचारून घ्यावे.

शस्त्रक्रियेविषयी मात्र अधिक सविस्तर बोलणे आवश्यक आहे, कारण कुटुंबांची सर्वांत मोठी आशा आणि सर्वांत मोठा खर्च बहुधा येथेच गुंतलेला असतो. पूर्वी एका बाजूचे पूर्ण फुप्फुस, आवरण, श्वासपटलाचा भाग आणि हृदयावरण असे सारे काढण्याची अतिशय मोठी शस्त्रक्रिया केली जात असे. ब्रिटनमधील मार्स या चाचणीने २०११ साली तिच्यापासून लाभ दिसत नाही, उलट हानीची शक्यता आहे असे दाखवले आणि ती बहुतांश मागे पडली. तिची जागा फुप्फुस राखून केवळ रोगट आवरण सोलून काढण्याच्या शस्त्रक्रियेने घेतली, आणि अनेक वर्षे ती योग्य मानली गेली. मार्स-२ या पुढच्या चाचणीत ३३५ रुग्णांपैकी काहींना फक्त केमोथेरपी आणि काहींना केमोथेरपीसह ही शस्त्रक्रिया देण्यात आली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यक आयुर्मान १९.३ महिने आणि न झालेल्यांचे २४.८ महिने होते, शिवाय गंभीर गुंतागुंतीही शस्त्रक्रियेच्या गटात अधिक होत्या. काही शल्यचिकित्सकांनी या चाचणीवर आक्षेप घेतले आहेत, रुग्णांची निवड अधिक काटेकोर असती आणि शस्त्रक्रिया केवळ अनुभवी केंद्रांत झाल्या असत्या तर निकाल वेगळा आला असता असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते सरसकट झटकून टाकता येणार नाही. तरीही उपलब्ध पुराव्याचा कल स्पष्ट आहे. रोग अगदी सुरुवातीच्या अवस्थेत, एपिथेलिऑइड प्रकाराचा आणि रुग्ण उत्तम प्रकृतीचा असेल, तरच हा विषय ट्यूमर बोर्डापुढे चर्चेला घ्यावा. एकट्या शल्यचिकित्सकाच्या सल्ल्यावर, शेत किंवा दागिने विकून, घाईने ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. आपल्या केंद्रात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात आणि त्यांतले किती रुग्ण तीन महिन्यांनंतर चालते-फिरते होते, हा प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

किरणोपचारांचा या रोगातील मुख्य उपयोग वेदनाशमनासाठी आहे. छातीच्या भिंतीत रोग शिरून एकाच जागी तीव्र दुखत असेल किंवा त्वचेखाली गाठ आली असेल, तर काही मोजक्या बैठकांत बराच आराम पडू शकतो. बायॉप्सीच्या किंवा नळीच्या छिद्रातून रोग बाहेर पसरू नये म्हणून आधीच किरण देण्याची पद्धत पूर्वी होती, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २०३ रुग्णांच्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही. त्वचेवर पट्ट्या लावून विद्युतक्षेत्राने पेशींचे विभाजन रोखणाऱ्या उपकरणाला अमेरिकेत २०१९ मध्ये मर्यादित मान्यता मिळाली, मात्र तिच्यामागे तुलनात्मक चाचणी नाही आणि त्यासाठी पदरचा पैसा घालावा असे म्हणण्याइतका आधार आज तरी दिसत नाही.

उदरावरणाच्या मेसोथेलिओमाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण तेथे शस्त्रक्रियेचे स्थान अगदी उलट आहे. पोट फुगणे, पोटात पाणी होणे, भूक मंदावणे ही त्याची लक्षणे, आणि स्त्रियांत तो पुष्कळदा अंडाशयाचा कर्करोग समजला जातो. रोग पोटापुरता मर्यादित असेल, तर दिसणारा सारा रोग कित्येक तास खपून काढून टाकतात आणि त्याच वेळी सुमारे ४१ ते ४३ अंश सेल्सिअस तापमानाचे केमोथेरपीचे द्रावण पोटात तास-दीड तास फिरवतात. या पद्धतीला हायपेक म्हणतात. आठ केंद्रांतील ४०५ रुग्णांच्या २००९ सालच्या एकत्रित अभ्यासात मध्यक आयुर्मान ५३ महिने आणि पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ४७ टक्के आढळले. हे रुग्ण निवडक होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, तरीही फुप्फुसावरणाच्या रोगातील आकड्यांशी हे अंतर एवढे मोठे आहे की उदरावरणाचे निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाने हायपेक नियमितपणे करणाऱ्या केंद्राचे मत घेतल्याशिवाय केवळ केमोथेरपीवर समाधान मानू नये.

पहिल्या उपचारानंतर रोग पुन्हा वाढू लागला, तर ज्यांना इम्युनोथेरपी मिळाली आहे त्यांना पेमेट्रेक्सेडची जोडी देता येते, आणि ज्यांना आधी केमोथेरपी मिळाली आहे त्यांच्यासाठी निव्होलुमॅबचा विचार होतो. २०२१ सालच्या चाचणीत या दुसऱ्या टप्प्यात निव्होलुमॅबने मध्यक आयुर्मान ६.९ वरून १०.२ महिन्यांवर नेले. व्हिनोरेल्बिन आणि जेमसायटाबिन ही तुलनेने स्वस्त औषधेही वापरली जातात. नव्या औषधांच्या चाचण्यांची नोंद भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत असते आणि ती कोणालाही पाहता येते. खऱ्या चाचणीत चाचणीच्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत, संमतीपत्र त्याला समजेल अशा भाषेत दिले जाते आणि केव्हाही बाहेर पडण्याची मुभा असते. यांपैकी एक जरी गोष्ट नसेल तरी सावध व्हावे.

वेदना आणि दम यांवरचे उपचार, म्हणजे परिहारक सेवा, शेवटच्या आठवड्यांसाठी राखून ठेवण्याची गोष्ट नाही. निदान झाल्यापासूनच तिची गरज भासते. छातीच्या नसांत शिरणाऱ्या या रोगाची वेदना साध्या गोळ्यांनी भागत नाही आणि मॉर्फिन लागते. त्याची सवय लागेल किंवा मरण लवकर येईल, या भीतीने अनेक घरांत ते टाळले जाते, पण वेदनेच्या मापाने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनबद्दलची ही भीती निराधार आहे. अल्प मात्रेत ते दमाची घालमेलही कमी करते. त्याने बद्धकोष्ठ हमखास होतो, म्हणून पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच सोबत घ्यावे. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाल्यानंतर मॉर्फिन ठेवण्याचे नियम सुटसुटीत झाले असले, तरी ते प्रत्येक औषध दुकानात मिळत नाही. ते कोठे मिळते हे गरज पडण्यापूर्वीच विचारून ठेवावे. घरी काळजी घेणे अशक्य झाले तर वांद्र्याच्या शांती अवेदना सदनासारखी शुश्रूषागृहे उपलब्ध आहेत; हे सदन १९८६पासून कार्यरत आहे आणि त्याची गोव्यातही शाखा आहे.

खर्चाच्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि केमोथेरपी, किरणोपचार व शस्त्रक्रिया यांच्या ठरावीक पॅकेजांचा तीत समावेश होतो. डॉक्टरांनी सुचवलेले नेमके औषध पॅकेजमध्ये बसते की नाही, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडून उपचार सुरू होण्याआधी लेखी करून घ्यावे. विशेषतः इम्युनोथेरपीच्या बाबतीत याची चौकशी आधी झाली नाही, तर उपचार अर्ध्यावर सोडण्याची वेळ येते. कामगार विमा योजनेचे सदस्यत्व असलेल्यांनी किंवा पूर्वी असलेल्यांनी तेथील हक्कही तपासून पाहावेत.

आजार कामामुळे झाला असेल, तर नुकसानभरपाईचा प्रश्न उपचारांइतकाच तातडीने हाती घ्यावा. अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा भारतातील व्यावसायिक आजारांच्या कायदेशीर यादीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपावी, असा आदेश दिलेला आहे. म्हणजे निवृत्त कामगारालाही आपली नोंद मागता येते. जुने हजेरीपत्रक, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, कामगार विम्याचे कार्ड, त्या खात्यात सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची नावे आणि पत्ते, हे सारे रुग्णाची स्मृती आणि ताकद शाबूत असतानाच गोळा करावे, आणि कोणत्या वर्षी कोणत्या खात्यात अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आला हे डॉक्टरांकडून केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावे. रुग्णाचा मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्रात केवळ हृदयक्रिया बंद पडली असे न लिहिता मेसोथेलिओमा हे मूळ कारण नमूद होईल याची खबरदारी घ्यावी, कारण वारसांच्या दाव्यात तोच कागद पुरावा म्हणून उभा राहतो. त्याच खात्यात काम केलेल्या आणि आता विखुरलेल्या सहकाऱ्यांना, तसेच कामाचे धुळीने माखलेले कपडे धुणाऱ्या घरातील स्त्रियांना, दम किंवा छातीतील पाणी यांची तक्रार उद्भवल्यास आपला पूर्वेतिहास डॉक्टरांना सांगण्याविषयी कळवावे.